लूमिस वाण्याची मुलगी

‘स्प्लेंडर इन द ग्रास’ हा अमेरिकन चित्रपट १९६१ सालचा, म्हणजे आमच्या जन्माच्याही आधीचा. आमच्या गावच्या एकुलत्या एका टॉकीजला असले इंग्रजी चित्रपट कधी लागले नाहीत. आणि लागले असते तरी त्या काळी घरून परवानगी मिळण्याचा संभव नव्हता. गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा भाचा आला होता. “मामा, यात शाळा आहे, कविता शिकवणाऱ्या बाई आहेत. तुम्ही पाहाच,” असे म्हणून त्याने आपल्या संगणकावर तो आम्हां उभयतांस दाखविला. दोन तासांचा चित्रपट. संपल्यावर नटनट्यांविषयी कोणी काही बोलले नाही. “त्या आईला आता काय म्हणावं हो?” एवढेच आमच्या घरातून विचारणे झाले, आणि त्या प्रश्नापायी आम्ही रात्री बराच वेळ जागे राहिलो. पंधरा दिवसांनी तो पुन्हा एकदा पाहिला. श्रीमंत मुलगा आणि साध्या घरची मुलगी यांची प्रीतिकथा म्हटली की जी ठरावीक चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात, त्यांपैकी येथे जवळजवळ एकही नाही; म्हणून हे चार शब्द.

येथे कोणी मुलीला खोलीत कोंडीत नाही. भाऊबंद हत्यारे घेऊन निघत नाहीत. २०१६ साली ‘सैराट’ने पाटलाची मुलगी आणि मासेमारी करणाऱ्याचा मुलगा यांच्यामधली भिंत दाखविली, ती रक्ताने माखलेली होती. शरदबाबूंच्या ‘देवदास’मध्ये पार्वतीच्या घरून आलेला प्रस्ताव मुखर्जींच्या वाड्यातून सरळ नाकारला जातो. ‘स्प्लेंडर इन द ग्रास’मध्ये नकारसुद्धा नाही. मुलाचा बाप म्हणतो, मुलगी चांगली आहे, माझी काही हरकत नाही. फक्त चार वर्षे थांब. मुलीची आई तर स्थळ चांगले म्हणून मनोमन हरखलेली आहे. सगळे अनुकूल असताना दोन जीव मोडून पडतात, ते कसे, ही या चित्रपटाची कथा.

कथा लिहिली विल्यम इंज याने. हा नाटककार १९१३ साली कॅन्सस राज्यातील इंडिपेंडन्स नावाच्या लहानशा गावी जन्मला. नाव होण्यापूर्वी त्याने मास्तरकी केली होती, हे समजल्यावर आमचा त्याच्याविषयीचा जिव्हाळा वाढला, हे कबूल करावयास हवे. ‘पिकनिक’ या नाटकाबद्दल त्याला १९५३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि या चित्रपटाच्या लेखनाबद्दल ऑस्कर. चित्रपटातील धर्मोपदेशकाची छोटी भूमिकाही त्यानेच केली आहे. दिग्दर्शक एलिया कझान. नायिका नॅटली वुड. नायक वॉरन बेटी, ज्याचा हा पहिलाच चित्रपट. चित्रण मात्र कॅन्ससात न होता न्यूयॉर्क आणि त्याच्या परिसरात झाले. कॅन्ससची ती क्षितिजापर्यंत पसरलेली गव्हाची सपाटी त्यामुळे पडद्यावर फारशी येत नाही. तिची उणीव आम्हांस भासली.

कथेचा काळ १९२८ ते १९३१. गहू पिकविणाऱ्या कॅन्ससात १८९२ साली निओडेशा येथे तेल लागले, १९१५ साली एल डोराडो येथे त्याहून मोठे क्षेत्र सापडले, आणि कालचे शेतकरी नि मजूर बघता बघता धनाढ्य झाले. दारूबंदी त्या राज्यात १८८१ पासूनच होती. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात ती कशी पाळली जाई हे चित्रपटात दिसतेच. अशा गावातला एस स्टॅम्पर हा नवा तेलवाला. तेलविहिरीच्या मनोऱ्यावरून पडून तो पायाने अधू झालेला आहे. (ती भूमिका करणारा पॅट हिंगल हा नट स्वतः १९५९ साली लिफ्टच्या पोकळीत पडून जबर जखमी झाला होता, त्या चालण्यात नुसता अभिनय नाही.) स्वतःला जे धावता आले नाही ते मुलाने धावावे, स्वतःला जे कॉलेज मिळाले नाही ते मुलाला मिळावे, हा त्याचा ध्यास. मुलगा बड शाळेच्या फुटबॉल संघाचा कप्तान, देखणा, गावाचा लाडका. त्याला कॉलेजची हौस नाही. शेतकीचे थोडे शिक्षण घ्यावे, वडिलांच्या जुन्या रानात गुरे-शेती करावी आणि डीनीशी लग्न करावे, एवढेच त्याचे मागणे. बाप म्हणतो, आधी येल विद्यापीठ, चार वर्षे. मग काय ते.

डीनी ही लूमिस वाण्याची एकुलती एक मुलगी. बाप डेल लूमिस दुकान चालवितो, आई हिशेब चालविते. घर स्वच्छ, नीटनेटके, बेताचे. आणि या घरात स्टॅम्परच्या तेल कंपनीचे शेअर आहेत. ते किती चढले, अजून किती चढतील, आता विकावेत की थांबावे, ही त्या घरातली रोजची चर्चा. या लहानशा तपशिलात इंजने फार मोठी गोष्ट सांगून ठेविली आहे. लूमिस दांपत्याने आपली पुंजी आणि आपली मुलगी अशी दोन्ही ठेव एकाच घरी ठेविलेली आहे. दोहोंचा भाव चढत राहावा म्हणून दोहोंच्या बाबतीत सबुरीचाच सल्ला दिला जातो. मोठ्या घरचे स्थळ हातचे जाऊ नये म्हणून मुलीला जपणारी आई आम्ही आमच्या नात्यागोत्यात पाहिलेली आहे. वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल.

डीनी आईला विचारते, तुला बाबांविषयी कधी असे वाटले होते का? आई उत्तर देते, चांगल्या घरच्या मुलींना तसले काही वाटत नसते. बाईने नवऱ्याचे सहन करावयाचे असते, मुले व्हावीत म्हणून. मुलगी गप्प होते. आपल्याला वाटते आहे ते खरे, की आपण चांगल्या घरच्या नाही हे खरे? बड बापाकडे जातो. बाप सांगतो, लूमिस गरीब असले म्हणून मी त्यांना हलके मानीत नाही. पण असे काही करून बसू नकोस की गळ्यात पडेल. मुली दोन प्रकारच्या असतात, एकीशी लग्न करावयाचे आणि दुसरीकडे मन रमवावयाचे, हेही तो खांद्यावर हात ठेवून, प्रेमाने सांगतो. बड डॉक्टरकडे जातो. तो भला म्हातारा डॉक्टर अवघडून जातो आणि विषय बदलतो. बडची थोरली बहीण जिनी घराण्याची अब्रू घालवून शिकागोहून परत आणलेली आहे. तिचे पडद्यावरचे रूप जरा भडक झाले आहे असे आमचे मत. परंतु नववर्षाच्या मेजवानीत दारूच्या नशेत तिची जी विटंबना होते ती पाहून बड हादरतो आणि त्याच रात्री डीनीला सांगतो की आता आपण भेटणे पुरे. तिला जपण्याचा हाच एक मार्ग त्याच्यापुढे ठेवण्यात आलेला आहे. पुढे तो आजारी पडतो, बरा होतो, आणि बापाने सांगितलेल्या त्या ‘दुसऱ्या’ प्रकारच्या मुलीबरोबर, वर्गातल्याच ज्वानिटाबरोबर, हिंडू लागतो.

आता तो वर्गातला प्रसंग, ज्यासाठी भाच्याने आम्हांस हा चित्रपट दाखविला. इंग्रजीच्या बाई मिस मेटकाफ वर्ड्‌स्वर्थची ओड शिकवीत आहेत. १८०७ साली प्रसिद्ध झालेली, बालपणी सृष्टीवर दिसणारे तेज पुढे कोठे गेले असे विचारणारी ती दीर्घ कविता. चित्रपटाचे नाव तिच्यातूनच आले आहे. बड आणि ज्वानिटा यांची बातमी शाळाभर झाली आहे, सगळ्या मुलींना ठाऊक आहे, बाईंना मात्र काहीच ठाऊक नाही. डीनीचे लक्ष नाही असे पाहून बाई तिलाच उभे करतात, ओळी वाचावयास लावतात आणि विचारतात, कवीला येथे काय म्हणावयाचे आहे? डीनी वाचते. मग अडखळत सांगू लागते: लहानपणी आपण सारे फार सुंदर मानतो, मोठेपणी ते सोडून द्यावे लागते आणि राहिलेल्यात बळ शोधावे लागते… वाक्य पूर्ण होत नाही. ती परवानगी मागते आणि दाराकडे धावते.

नॅटली वुडला त्या वर्षीच्या उत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी नामांकन मिळाले होते. या एका प्रसंगासाठी ते मिळाले असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. तेथे आक्रोश नाही. परीक्षेत पूर्ण गुण मिळावेत असे उत्तर ती देते आहे, आणि देता देता ते उत्तर आपल्याच विषयी आहे हे तिच्या ध्यानात येते.

‘कवीला येथे काय म्हणावयाचे आहे?’ हा प्रश्न केशवसुत नि बालकवी शिकविताना आम्ही आजवर किती मुलांना विचारला असेल याची गणती नाही. अर्थ सांगता सांगता रडलेली मुलगी आमच्या वर्गात कधी झाली नाही. किंवा झाली असेल, आणि आम्ही फळ्याकडे तोंड करून उभे असू.

येथे एक गोष्ट लिहून टाकतो. बावीस वर्षांमागची आहे. तेव्हा आम्ही मुख्याध्यापक नव्हतो. दुसऱ्या एका गावी दहावीचे वर्गशिक्षक होतो. निबंधाच्या वह्या तपासताना एका मुलीच्या वहीत घडी केलेली चिठ्ठी सापडली. मुलगी भातगिरणीच्या मालकाची. चिठ्ठी लिहिणारा मुलगा त्याच गिरणीतल्या हमालाचा, वर्गात पहिल्या तिघांत येणारा. चिठ्ठीत होते काय? गणिताच्या पेपरची भीती वाटते, आणि उद्या हिरवी रिबन बांधून ये. एवढेच. आम्ही ती चिठ्ठी संध्याकाळी मुलीच्या वडिलांच्या हाती नेऊन दिली. चहा घेतला. जबाबदारी पार पाडली असे वाटत घरी आलो. तिसऱ्या दिवशी मुलीचा दाखला न्यावयास माणूस आला. हमालाचे काम गेले, आणि तो मुलगा त्या वर्षी दहावीच्या परीक्षेस बसला नाही. पुढच्याही वर्षी नाही. मिस मेटकाफना काही ठाऊक नव्हते, ही त्यांच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट आहे. आम्हांस सगळे ठाऊक होते.

असो. चित्रपटाकडे वळतो.

डीनी खचत जाते. केस कापून टाकते, भडक कपडे घालून नाचाला जाते, आणि ज्या मर्यादेपायी बड तिच्यापासून दूर गेला असे तिला वाटते ती मर्यादा आपणच मोडावयास निघते. बड तिला थांबवितो. तुझा स्वाभिमान कोठे गेला, असे काहीसे विचारतो. या प्रश्नासारखा क्रूर प्रश्न दुसरा नसेल. पण तो मुलगा क्रूर नाही, त्याला शिकविलेले सगळे धडे एकमेकांत अडकले आहेत इतकेच. ती धबधब्याजवळच्या पाण्याकडे धावते. तिला वाचवितात. १९८१ साली नॅटली वुडला कॅलिफोर्नियाच्या समुद्रात बुडून मृत्यू आला, हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला तो प्रसंग पाहवत नाही.

डीनीला विचिटा येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागते. खर्च मोठा. वाणी लूमिस कोठून आणणार? तो स्टॅम्परचे शेअर विकतो. ही १९२९ च्या मंदीपूर्वीची गोष्ट. भाव तेव्हा शिखराकडे चाललेले आहेत, शेअर चांगल्या किमतीला जातात. त्यानंतर ऑक्टोबर उजाडतो. न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराचा निर्देशांक ३ सप्टेंबर १९२९ रोजी ३८१ वर होता. ८ जुलै १९३२ रोजी तो ४१ वर आला. त्या घसरणीत स्टॅम्परचे साम्राज्य बुडते. येलला नापास होत चाललेल्या मुलाला घेऊन बाप न्यूयॉर्कच्या रंगेल क्लबात जातो, त्याच रात्री मुलाच्या खोलीत डीनीसारखी दिसणारी एक नर्तकी पाठवितो. मुलाला हवे ते विकत घेऊन देण्याचा त्याचा हा शेवटचा प्रयत्न. मग खिडकीतून उडी घेतो. मुलीच्या आजारासाठी शेअर विकले म्हणून लूमिसांचे घर मात्र तरते. चढत्या भावाला विकू नका म्हणणाऱ्या आईला हे कोणत्या खात्यात मांडावे? इंजने ते कोणाकडून बोलून दाखविलेले नाही. नुसते घडू दिले आहे, आणि आमच्या मते सबंध पटकथेतील ही सर्वांत कठोर जागा आहे.

रुग्णालयाचा भाग लवकर उरकलेला आहे. तेथील हिरवळ, चित्रकला, शांत डॉक्टर, सगळे काहीसे साखरेचे. अडीच वर्षांत डीनी सावरते. तेथेच उपचार घेणाऱ्या एका तरुण शल्यचिकित्सकाशी तिचे लग्न ठरते. ती घरी येते तेव्हा आई तिच्यापुढे उभी राहते आणि म्हणते की मला माझ्या आईने जसे वाढविले तसे मी तुला वाढविले, दुसरे मला काही येतच नव्हते. डीनी तिला जवळ घेते. आमच्या घरातून विचारल्या गेलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर येथे असेल किंवा नसेल. आम्हांस ते पुरले, घरच्यांना पुरले नाही. “जवळ घेतलं, ते त्या पोरीचं मन मोठं. आईचं त्यात काय?” असे त्यांचे म्हणणे.

डीनीला बडला भेटावयाचे आहे. तो कोठे आहे हे तिला कळू नये अशी आईची खटपट. मैत्रिणींनाही तिने गप्प बसविले आहे. आणि आजवर सगळा चित्रपटभर जो माणूस बायकोपुढे फारसा बोललेला नाही, तो डेल लूमिस शांतपणे सांगतो, बड गावाबाहेर त्याच्या वडिलांच्या जुन्या शेतावर राहतो. एकच वाक्य. फ्रेड स्टुअर्ट या नटाने ते इतके सहज म्हटले आहे की पहिल्या वेळी आमच्या कानांवरून गेले. दुसऱ्यांदा पाहताना आम्ही भाच्याला मागे घ्यावयास लावले. मुलीच्या वाटेतून बाजूला होणारा बाप आम्ही चित्रपटांत क्वचित पाहिला आहे.

डीनी जाते ती पांढरा पोशाख, मोठी टोपी, हातमोजे अशा थाटात. शेतावर धूळ, कोंबड्या, मळके कपडे घातलेला बड. आता ती शल्यचिकित्सकाची वाग्दत्त वधू आणि तो कष्टकरी शेतकरी. गावातल्या दोन घरांची उंची उलटी झाली आहे. बडने वडिलांपाशी मागितलेले शेत त्याला मिळाले आहे. घरात त्याची पत्नी अँजेलिना. न्यू हेवनमध्ये येलजवळच्या एका खाणावळीत भेटलेली इटालियन मुलगी. ती पुन्हा दिवसांत आहे, स्वयंपाकाच्या उष्णतेने घामाघूम झाली आहे, आणि आलेल्या पाहुणीकडे पाहून आपला अवतार सावरते. झोरा लॅम्पर्ट या नटीने हे अवघडलेपण एका हालचालीत दाखविले आहे. कोण आली आहे हे तिला सांगावे लागत नाही. डीनी तिच्या लहान मुलाला उचलून घेते, क्षणभर छातीशी धरते आणि परत देते.

अंगणात दोघे चार वाक्ये बोलतात. तू सुखी आहेस का, या प्रश्नावर बड म्हणतो की हल्ली तसला विचार फारसा करीत नाही. डीनी म्हणते, मीही नाही. तिचे लग्न ठरल्याचे ऐकून तो मनापासून आनंद दाखवितो. मग ती मैत्रिणींच्या मोटारीत बसते. तो घरात जातो, बायकोपाशी थांबतो, तिला जवळ घेतो. मोटारीत मैत्रीण हलकेच विचारते, अजून तुझे त्याच्यावर प्रेम आहे का? डीनी टोपी नीट करते, समोर पाहते. उत्तर देत नाही. वर्गात अर्धवट राहिलेल्या त्या ओळी आता तिच्या मनात उमटत जातात, आणि या खेपेस त्या शेवटापर्यंत पोहोचतात.